लिटरला चाळीस

सीमाप्रश्नावरून आमच्या घरात कधी भांडण झालं नाही. त्यावर सगळ्यांचं एकमत होतं. भांडण व्हायचं ते पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं यावरून. आबा, म्हणजे माझे आजोबा, लिटरला पन्नास मिली म्हणायचे. त्यांचे धाकटे भाऊ तात्या चाळीसच्या वर थेंब चढू द्यायचे नाहीत. आईचे भाऊ, बेळगावचे मामा, दिवाळीत निपाणीला आले की दोघांनाही वेड्यात काढायचे, कारण त्यांच्याकडे बजाजची स्कूटर होती आणि तिचं वीस मिलीत भागत होतं. फराळाची ताटं पुढ्यात, चहा निवत चाललेला आणि तीन शहाणी माणसं मिलिलिटरवरून हमरीतुमरीवर आलेली. आजी आतून म्हणायची, "एवढं त्याल माझ्या चकल्यांस्नी लागलं न्हाई की वो!"

आपलंच खरं करण्यासाठी तिघंही गोष्टी सांगत, आणि आमच्या भागातल्या दुचाकीचा बराचसा इतिहास मला त्या गोष्टींतूनच कळला. पुढे थोडं वाचलं, मिस्त्रींच्या शेजारी स्टुलावर बसून इंजिनं उघडताना पाहिली, तेव्हा एक गंमत लक्षात आली. म्हाताऱ्यांचं करणं बहुधा बरोबर असायचं. त्यामागचं कारण म्हणून ते जे सांगायचे, ते मात्र बऱ्याचदा भलतंच.

ज्यांनी गेल्या वीस वर्षांत गाडी घेतली त्यांना हा वाद कळायचा नाही, म्हणून थोडं सांगतो. आताच्या फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल खाली साठलेलं असतं, ठरावीक किलोमीटरनं बदललं की काम झालं. टू-स्ट्रोकमध्ये तसं जमत नाही. तिथं पेट्रोल आणि हवा आधी पिस्टनच्या खाली, क्रँककेसमध्ये शिरते, तिथं दाबली जाते आणि मग बाजूच्या वाटेनं वर सिलिंडरमध्ये जाते. ऑइल साठवायची जागा हीच मिश्रणाची येण्याजाण्याची वाट. मग ऑइलही पेट्रोलबरोबरच धाडायचं. जाता जाता ते क्रँकच्या बेअरिंगला, कनेक्टिंग रॉडला, पिस्टनला लागतं, वर जाऊन थोडं जळतं, थोडं तसंच धुरातून बाहेर पडतं. इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डे यानं 1890 च्या आसपास ही रचना बसवली. व्हॉल्व्ह नाहीत, व्हॉल्व्ह हलवणारी यंत्रणा नाही, मुख्य हलते भाग तीनच. म्हणून गाडी स्वस्त आणि कुठल्याही गावच्या मिस्त्रीच्या आवाक्यातली. बदल्यात मालकानं दर वेळी टाकी भरताना ऑइल मोजायचं. विसरला तर पिस्टन जाम, हात सैल सुटला तर प्लग काळा.

आबांचे पन्नास म्हणजे वीसाला एक, तात्यांचे चाळीस म्हणजे पंचवीसाला एक. त्या काळच्या साध्या खनिज ऑइलला बहुतेक टू-स्ट्रोक मोटरसायकलींचं माप याच टापूत असायचं. गाडी नवी असताना किंवा नुकतं बोर केलेलं असताना वीसाला एक, एरवी पंचवीसाला एक. म्हणजे दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. मामांच्या वीस मिलीचं गणित वेगळं. बजाजची स्कूटर मुळात व्हेस्पाच, आणि व्हेस्पाच्या इंजिनात आत येणारं मिश्रण फिरत्या क्रँकवरूनच शिरतं, ऑइल थेट मोक्याच्या जागी पडतं, म्हणून पन्नासाला एक पुरतं. मामा हे कधी सांगत नसत. ते म्हणायचे, "पुण्याची गाडी हाय, खर्चाला बेतानंच असणार की."

आबांची गाडी जावा. मरून रंग, टाकीला क्रोमची चमक, मागं दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर. किकचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच. गाडी सुरू झाली की तोच पुढं वळवून गिअर टाकायचे. तो दाबला की क्लच आपोआप सुटायचा, हे आबांना इतकं आवडायचं की डाव्या हाताचा क्लच ते केवळ शोभेसाठी आहे असं समजत. चावी म्हणजे हेडलाइटच्या डोक्यात खुपसायचा एक खिळाच. कुणाच्याही जावाची चावी कुणालाही चालायची, आणि तीही नसली तर खराखुरा खिळा चालायचा.

जावा मूळची चेक. फ्रान्तिशेक यानेचेक यांनी 1929 मध्ये आपला कारखाना मोटरसायकली बनवण्याकडे वळवला. भारतात ती आधी मुंबईमार्गे आयात होऊन यायची. पुढे तयार गाड्यांच्या आयातीवर सरकारनं बंधनं घातली, तेव्हा रुस्तम इराणी आणि फारुख इराणी यांनी 1960 मध्ये आयडियल जावा ही कंपनी काढली आणि 1961 पासून म्हैसूरला गाड्या तयार व्हायला लागल्या. म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार यांचा त्याला पाठिंबा होता. मधल्या काळात, 1 नोव्हेंबर 1956 ला, बेळगाव जिल्हाही मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेला होता. म्हणजे आमच्याकडे जावा आधी मुंबईहून यायची, नंतर म्हैसूरहून यायला लागली, आणि आमच्या सातबाऱ्यानंही त्याच सुमारास तीच दिशा धरली. फरक एवढाच की गाडी आम्ही राजीखुशीनं घेतली. दर 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळायचा, निषेध फेरीत घोषणा द्यायच्या, आणि घरी यायचं ते म्हैसूरच्या गाडीवरून. यावर कुणी आबांना टोकलंच तर ते म्हणत, "गाडीचा काय दोष त्यात? ती बिचारी पैशे मोजून आलीया."

तवंदी घाटातली गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की ती मी पाहिली नाही यावर माझा विश्वास बसत नाही. तात्यांनी आबांची जावा बेळगावहून बोर करून आणली. नवा पिस्टन, नव्या रिंगा, गाडी अजून आवळलेली. संकेश्वरपर्यंत सगळं ठीक. स्तवनिधीच्या अलीकडं उतार लागला तसं तात्यांनी पेट्रोल वाचवायचं ठरवलं. मूठ पूर्ण बंद, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता इंजिनाच्याच रेट्यावर उतरत निघाले. मागं पोत्यावर एक पाहुणा. एका वळणाच्या तोंडाशी इंजिनाचा आवाज बारीक झाला, शिट्टीसारखा काहीतरी उमटला आणि मागचं चाक जाग्यावर बांधल्यासारखं थांबलं. तात्यांचा हात क्लचवर गेला म्हणून वाचले. पाहुणा पोत्यासकट रस्त्याकडेला करवंदीत बसला होता.

आबांनी निकाल देऊन टाकला: चाळीस मिलीनं घात केला, पन्नास असतं तर काही झालं नसतं. त्यांनी घरात कायदाही केला. घाट उतरताना मधून मधून मूठ पिळायची, "इंजिनाला दम घेऊ द्यायचा." आंबोली असो, चोर्ला असो, आमच्या घरचा प्रत्येक माणूस उतारावर रिकामी मूठ पिळत उतरतो. हा कायदा शंभर टक्के बरोबर आहे. कारण मात्र दमाचं नाही. मूठ बंद म्हणजे पेट्रोल बंद, आणि पेट्रोल बंद म्हणजे त्याच्याबरोबर येणारं ऑइलही बंद. इकडं उतार चाकाला ढकलतोय, चाक इंजिनाला जोरात फिरवतंय आणि आत पिस्टन कोरडा घासतोय. तिथं लिटरला पन्नास काय आणि शंभर काय, येतच नसेल तर उपयोग शून्य. मधून मूठ पिळली की ऑइलचा एक घोट आत जातो. स्वीडनच्या साब कंपनीच्या टू-स्ट्रोक मोटारींत याच भीतीनं फ्रीव्हील बसवलेलं असे. पाय उचलला की चाकं आणि इंजिन यांची फारकत. आबांनी साब ऐकलीसुद्धा नव्हती.

तो पिस्टन मी पुढे पाहिला आहे. बेळगावच्या मिस्त्रींनी तो खिडकीत ठेवून दिला होता, तात्या दिसले की दाखवायला. ॲल्युमिनियमची वाटी, आणि तिच्या एका अंगावर वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे, नखानं लागतील असे. एका जागी रिंगच धातूखाली बुजून गेलेली. ॲल्युमिनियम तापलं की लोखंडी सिलिंडरपेक्षा जास्त फुगतं. मधली ऑइलची साय गेली की दोन्ही एकमेकांना चिकटतात. थंड झालं की पुन्हा सुटतात, म्हणून घाटात अर्धा तास बसून तात्यांनी किक मारली तेव्हा गाडी चालूही झाली. मिस्त्री म्हणाले, "हे असं चालू झालेलं इंजिन लई फसवतंय. सिलिंडरच्या अंगाला ॲल्युमिनियम लागलेलं असतंय, ते पुढच्या पिस्टनला खातंय." आधी ते काढायचं, मग फेरबोर, मग जाडजूड ओव्हरसाइज पिस्टन. एक घाट, दोन बोर.

हे मिस्त्री बेळगावातल्या रामलिंगखिंडीजवळ एका बोळात बसत. घरी उर्दू, गिऱ्हाइकाशी मराठी, स्पेअर पार्टवाल्याशी कानडी, आणि इंजिनाशी बोलताना तिन्ही भाषांतल्या शिव्या. बेळगावला चाकाचा नाद जुना. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. 1888 मध्ये त्यांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, आणि 1910 मध्ये ते औंध संस्थानात, आताच्या किर्लोस्करवाडीला गेले. गावात किर्लोस्कर रोड तेवढा उरला. मामा हे असं सांगत की जणू किर्लोस्करांना निरोप द्यायला ते स्वतः स्टेशनवर गेले होते. पुढे उद्यमबागेत फाउंड्र्या आणि लेथ आले, आणि मोडलेला कुठलाही भाग तिथं नव्यानं घडवून मिळायला लागला. नाहीतर इतक्या जावा आज जिवंत राहिल्या नसत्या.

आता मापाकडं. पंपावर ऑइलची मशीन येण्याआधी माप ज्याचं त्याचं असे. काही जुन्या विलायती गाड्यांच्या टाकीच्या झाकणालाच मापाची वाटी जोडलेली असायची. आबांकडं होती औषधाची बाटली. जुन्या दवाखान्यात लाल मिक्स्चर मिळायचं, त्या बाटलीच्या अंगावर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली असे, एकेका डोसाची एकेक खाच. आबांनी ती पट्टी तशीच ठेवली आणि खाचांवर ऑइल मोजलं. चार लिटर पेट्रोलला सबंध बाटली. ती बाटली दोनशे मिलीची होती की नाही हे कुणी कधी तपासलं नव्हतं, आणि मला तर दाट शंका आहे की घरातला पन्नास-चाळीसचा सगळा वाद त्या एका न तपासलेल्या बाटलीवर उभा होता. ऑइल म्हणजे तरी काय, तर पत्र्याच्या डब्यातून सुटं मिळणारं मोबिल. मोटारीच्या इंजिनाचं जाड ऑइल, खास टू-स्ट्रोकचं नव्हे. ते जळून राख मागं ठेवायचं, आणि दर काही महिन्यांनी सायलेन्सर काढून कोळशावर भाजायचा हा एक घरगुती कार्यक्रम असे. अंगणात सायलेन्सर जळतोय, काळा धूर निघतोय आणि शेजारीण धुणं उचलत आबांच्या सात पिढ्या आठवते आहे.

ऑइल आधी की पेट्रोल आधी, हा आणखी एक वाद. आबा म्हणत आधी ऑइल, नंतर वरून पेट्रोलची धार. तेल जड, पेट्रोल हलकं. भरल्या टाकीत वरून ऑइल ओतलं तर ते सरळ तळाला जाऊन बसतं, आणि कॉक तळालाच असतो. पहिल्या किकला कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलऐवजी चिकट ऑइल. इथं आबांची कृतीही बरोबर आणि कारणही. पण ते रोज सकाळी गाडी दोन्ही हातांनी धरून डावी-उजवी हलवायचे, "रात्रीत तेल खाली बसतंय" म्हणून, ते मात्र व्यर्थ. खनिज ऑइल पेट्रोलमध्ये एकदा नीट मिसळलं की रात्रीत वेगळं होत नाही. त्यांच्या गल्लीत मात्र सकाळी सहा वाजता सगळ्या जावा, राजदूत आणि स्कूटरी डोलत असत.

कॉकचंही तसंच. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर आबा पेट्रोलचा कॉक बंद करायचे आणि उरलेल्या पेट्रोलवर दारापर्यंत यायचे. विचारलं तर म्हणत, रात्री पोरं नळी काढून पेट्रोल चोरतात. चोरी होत असेलही. खरा फायदा असा की कार्ब्युरेटर रिकामा होतो. नाहीतर आतलं पेट्रोल उडून जातं, ऑइल मागं राहतं आणि बारीक जेटच्या तोंडाशी डिंक धरतं.

निपाणीचं स्वतःचं एक दुखणं होतं. हे तंबाखूचं गाव. वखारींतून भुकटी उडते, अख्ख्या गल्लीला शिंका येतात. तीच भुकटी गाडीच्या एअर फिल्टरमध्ये बसायची. हवा कमी, पेट्रोल तेवढंच, म्हणजे मिश्रण जड. त्यात लिटरला पन्नास ऑइल. गाडी रडायची, प्लग काळा ओला निघायचा, आणि मालक म्हणायचा ऑइल जास्त झालं. निपाणीचे मिस्त्री प्लगला हात लावायच्या आधी फिल्टर काढून दगडावर आपटत आणि तंबाखू बाहेर पडली की मालकाला म्हणत, "मळून घ्या."

एरंडेलाची गोष्ट तात्या आबांच्या पाठीमागं सांगत. आमच्या पणजोबांच्या बैलगाड्या होत्या. गाडीखाली लोंबणाऱ्या नळकांड्यात वंगण असे, एरंडेल आणि काजळी. 1973 च्या अखेरीस जगभर तेलाची टंचाई झाली, भाव भडकले, तेव्हा आबांना ते वंगण आठवलं. बैलगाडीला चालतं ते जावाला का नाही? त्यांनी मोबिलऐवजी एरंडेल घातलं. कल्पना वेडगळ नव्हती. पहिल्या महायुद्धातल्या अनेक विमानांच्या इंजिनांना एरंडेलच असे, आणि शर्यतीच्या गाड्यांना तर त्यानंतरही कितीतरी वर्षं. उन्हं असेपर्यंत जावा अशी पळाली की आबांनी निम्म्या गल्लीला वास घ्यायला बोलावलं. पण एरंडेल पेट्रोलमध्ये मनापासून मिसळत नाही, थंडीत तर नाहीच. पौषातल्या एका पहाटे टाकीच्या तळाशी ते काकवीसारखं घट्ट झालेलं सापडलं, आणि इंजिनात रिंगांभोवती जो लाखेसारखा थर बसला तो मिस्त्रींनी आठवडाभर खरवडला.

रॉकेलच्या बाबतीत मात्र आबा ठाम होते. त्या महागाईत पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळणारे पुष्कळ होते, तात्याही त्यांतलेच. आबा म्हणत रॉकेल दिव्यासाठी असतं, रेशनचं असतं, ते गाडीला घालणं हा अन्नाचा अपमान. काहीतरी तर्क! पण रॉकेलनं इंजिन ठोकायला लागतं, जास्त तापतं, आणि कार्बन दुप्पट धरतं. पुन्हा एकदा करणं बरोबर, सांगणं भलतंच.

सत्तरीच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडं सगळ्यांचीच नावं बदलत होती. पियाजिओशी करार संपला तशी बजाजची व्हेस्पा गेली आणि 1972 मध्ये चेतक आली. जावाच्या टाकीवर येझदी लिहून यायला लागलं. 1 नोव्हेंबर 1973 ला म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं. गाड्यांची इंजिनं तीच होती आणि आमची गाऱ्हाणीही. 1967 मध्ये महाजन आयोगाचा अहवाल येऊन गेला होता, बेळगाव आहे तिथंच ठेवा म्हणणारा. मामा म्हणत, "नाव बदलून काय करूलेत हे? ऑइल तर तेवढंच पिऊलीय."

1981 च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूचे शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर येऊन बसले. रस्त्यावरच वस्ती झाली, तिला आंदोलननगर म्हणत. गावागावांतून भाकऱ्या यायच्या. तात्यांनी तेव्हा राजदूत घेतली होती. महामार्ग बंद, म्हणून ते पाणंदीनं, उसाच्या कडेकडेनं, पहिल्या गिअरमध्ये भाकऱ्यांची पोती पोचवायचे. सावकाश चालणाऱ्या टू-स्ट्रोकचं ऑइल पुरतं जळत नाही, प्लगवर साचतं, आणि गाडी मधेच मुकी होते. तात्यांच्या खिशात सुटे प्लग आणि पॉलिश पेपरचा तुकडा असे. बांधावर बसून प्लग घासायचा, फुंकर मारायची, पुढं निघायचं. त्या दिवसांत त्यांनी चाळीसवरून तीसवर यायचा निर्णय घेतला आणि तो आबांपासून लपवून ठेवला. 6 एप्रिलला पोलिसांनी आंदोलन उठवलं, गोळीबार झाला, शेतकरी मेले. तिथून पुढं तात्या गोष्ट सांगत नाहीत.

मग जपानी आले. 1985 च्या अखेरीस एस्कॉर्ट्सनं यामाहा आरएक्स 100 बाजारात आणली आणि आमच्या पिढीला वेड लागलं. तिच्यात ऑइलची टाकी वेगळी. मुठीबरोबर चालणारा पंप लागेल तसं ऑइल देतो, सावकाश जाताना कमी, पळवताना जास्त. यामाहाकडं ही युक्ती 1964 पासून होती. म्हणजे आमच्या घरातल्या वादाचं उत्तर जावाच्या उमेदीतच जपानात निघालं होतं: एकच माप सगळ्या वेळी बरोबर नसतंच. आबांना ते पटलं नाही. पंप बंद पडला तर कळणार कसं? म्हणून माझ्या चुलतभावाच्या आरएक्समध्ये पंप असूनही ते पेट्रोलात बोटभर ऑइल ओतायचे. गाडी निळ्या ढगातून बाहेर पडायची. खरं सांगायचं तर आजही कितीतरी जण आरएक्सचा पंप काढून टाकतात आणि हातानंच मिसळतात.

धूर मात्र शहरांना सोसेना. दिल्लीत 1998 च्या अखेरीस सुटं टूटी, म्हणजे टू-स्ट्रोकचं, ऑइल विकायला बंदी झाली. 1 एप्रिल 1999 पासून कमी धुराचं ऑइल बंधनकारक झालं. धुराचे नियम कडक होत गेले तशी टू-स्ट्रोक गाडी बाजारातून उठली. म्हैसूरचा कारखाना त्याआधीच, 1996 मध्ये बंद पडला होता. नव्या ऑइलनं एक केलं: अंगणातला सायलेन्सर भाजायचा कार्यक्रम संपवला. त्यात राख जवळजवळ नसते, लिटरला तीस मिलीतही जुनी जावा सुखानं चालते. पन्नासचा हट्ट आता खरोखर वाईट. ऑइल जितकं जास्त, तितकं जेटमधून पेट्रोल कमी जातं, शिवाय बाहेर जायच्या वाटेवर कार्बन. 2018 मध्ये जावा हे नाव परत आलं, पण ते फोर-स्ट्रोक घेऊन.

आबांची जावा चुलतभावाकडं आहे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी देशभरातले जावावाले आपापल्या गाड्या बाहेर काढतात, तेव्हा तोही काढतो. पेट्रोल भरायला त्याला कुठं जावं लागत नाही; उलट महाराष्ट्रातलं पेट्रोल महाग, म्हणून कागलकडची माणसंच सीमा ओलांडून आमच्या बाजूला कोगनोळीच्या पंपांवर येतात. अडचण वेगळीच आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. फेब्रुवारी 2023 मध्ये बेंगळुरूत त्याचा प्रारंभ झाला आणि दोन वर्षांत ते सगळीकडं आलं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळं जुन्या जेटवर मिश्रण हलकं पडतं आणि इंजिन तापतं. मिस्त्रींच्या मुलानं जेट मोठा बसवला, कॉकमधलं जुनं बूच फुगलं होतं तेही बदललं. त्याहून वाईट म्हणजे इथेनॉल पाणी ओढतं. (एरंडेल पेट्रोलपेक्षा अल्कोहोलमध्ये फार छान विरघळतं, आबांनी पन्नास वर्षं घाई केली.)

मागच्या पावसाळ्यात गाडी दोन महिने उभी होती. झाकणातून पाणी झिरपलं असावं. चुलतभावानं टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं तर दोन थर. वरचा निळसर, त्यात ऑइल. खालचा पाण्यासारखा स्वच्छ, इथेनॉल आणि पाणी एकत्र, ऑइलचा थेंब नाही. कॉक तळाला. म्हणजे किक मारली असती तर इंजिनाला पहिला घोट कोरड्याचाच गेला असता, घाट नसताना तवंदी झाली असती. आता तो टाकी रिकामी ठेवतो आणि निघायच्या दिवशीच पेट्रोल आणतो, सोबत साठ मिलीची सिरिंज.

बरणी ओट्यावर ठेवलेली होती. तात्या आता नव्वदीला आले आहेत, दिसतं कमी. त्यांनी बरणी उचलून उजेडात धरली, खालच्या थरात काय आहे ते विचारून घेतलं. उसाचं आहे म्हटल्यावर चुलतभावाकडं वळून म्हणाले, "आवंदा कारखान्यानं टनाला किती दिलं रं?"